बबनरावांचं जलद वाचन

काशीगावच्या धर्माजीचं पत्र येऊन सात महिने झाले होते आणि बबनराव पेडणेकरांनी अजून उत्तर दिलं नव्हतं. काशीगाव त्यांच्या इंद्रलोक भागातल्या घरापासून रिक्षाने वीस मिनिटांवर. त्या दिशेला जाणंच त्यांनी बंद केलं होतं. दाताचा डॉक्टर तिकडे होता. बबनरावांनी दात दुखू दिला.

दोघांनी एकाच छापखान्यात नोकरी केली. धर्माजी मशीनवर, बबनराव प्रुफं तपासायला. म्हातारपणी धर्माजीने आपल्या गावाविषयी वहीभर लिहिलं आणि त्या दोनशे पानांची झेरॉक्स पत्रासोबत पाठवली. ‘तू वाच नि सांग, छापण्यासारखं हाय का न्हाय. तू बोलशील तसं.’

बबनरावांनी तीनदा वाचलं. दर पानावर लाल खुणा केल्या. मग बायकोने, मृणालिनीबाईंनी, विचारलं, “कसं आहे?” आणि त्यांना काही सांगता येईना. चाळीस वर्षं त्यांनी फक्त अक्षरं वाचली होती. शेकडो पुस्तकं हाताखालून गेली, त्यांतल्या एकाचीही गोष्ट त्यांना सांगता आली नसती.

दिवाळीला दहा दिवस असताना धर्माजीचा फोन आला. तो मृणालिनीबाईंनी घेतला, कारण बबनराव बाथरूममध्ये होते. फोन वाजल्यावरच ते तिकडे गेले होते.

“वहिनी, भाऊ काय बोलला न्हाय, म्हंजे त्याचं उत्तर ‘न्हाय’ असं मी समजलो. मूळ वही माझ्यापाशी हाय. पहिल्या आंघोळीला तिच्यावरच बंब पेटवतो.”

आता मात्र बबनराव घाबरले. नात इशिता परीक्षेसाठी जलद वाचनाचा क्लास करत होती. तिने आजोबांना समोर बसवलं.

“तुम्ही प्रत्येक शब्द मनात बोलताय आजोबा, म्हणून स्लो. पेन्सिल ओळीखालून सरकवायची, डोळे तिच्या मागे. मोठे शब्द पकडायचे, छोटे सोडून द्यायचे. आणि वाचलं की लगेच कुणाला तरी सांगायचं. सांगितलं की लक्षात राहतं.”

धर्माजीच्या पानांवर एकदम प्रयोग नको, म्हणून बबनराव पेन्सिल घेऊन सोसायटीच्या नोटीसबोर्डापाशी गेले. सात ओळी त्यांनी चार सेकंदांत वाचल्या. टाकी, साफसफाई, शुक्रवार, पाणीपुरवठा, सहकार्य. लिफ्टपाशी आशाताई भेटल्या.

“उद्या शुक्रवारी पाणी बंद,” बबनराव म्हणाले. “टाकी साफ करतायत.”

वाचलेला मजकूर कुणाला सांगितल्याची ही त्यांची पहिलीच वेळ. त्यांना इतकं बरं वाटलं, की त्यांनी तो आणखी अकरा जणांना सांगितला. आशाताईंनी ग्रुपवर टाकला. लोकांनी बादल्या भरल्या, पिंपं भरली, कुकर भरले. दुपारी तीनला टाकीने तळ गाठला.

सेक्रेटरी नीरज बोर्डावरची नोटीस काढून वर आला. “काका, शुक्रवारची साफसफाई पुढे ढकलली आहे, असं लिहिलंय.”

“ते छोटे शब्द होते,” बबनराव म्हणाले.

नीरजने नोटीस घडी करून खिशात घातली. “राहू दे. टाकी रिकामी झालीच आहे, तर उद्या साफच करून घेतो.”

संध्याकाळी टँकर आला. ऑफिसला गेलेल्यांच्या घरी थेंब नव्हता, त्यांची रांग लागली. रांगेत बबनरावही होते. बातमी सांगत फिरण्यात त्यांचं स्वतःचं पाणी भरायचं राहिलं होतं. सगळे त्यांच्याकडे बघत होते. ते सहन न होऊन बबनराव पुटपुटले, “काशीगावच्या विहिरीवर एकदा अशीच रांग होती.”

“कब की बात है अंकल?” मागून तिसऱ्या मजल्यावरच्या शहांनी विचारलं.

बबनराव सांगू लागले. त्या साली पाऊस लांबलेला. धर्माजीची आई गावाला पाणी वाटायला विहिरीवर दोर धरून बसायची. घरटी एकच हंडा, स्वतःचा नंबर सगळ्यांत शेवटी. एक दिवस तिच्या पाळीला विहीर आटली. तिने ओला दोर घरी नेला, तिन्ही पोरांच्या अंगावरून फिरवला आणि म्हणाली, “झाली आंघोळ.”

“फिर?” शहा म्हणाले. पुढचंही बबनरावांना माहीत होतं. त्याच्या पुढचंही. पेन्सिल वर घरीच राहिली होती आणि दोनशे पानं एकामागून एक येत होती.

टँकरच्या नळाखालची बादली भरून वाहत होती. ती सरकवायला कुणी वाकलं नाही. शेवटी नीरजच ओरडला, “अहो, पाणी चाललंय!” आणि बादली सरकवून हळूच म्हणाला, “काका, तुम्ही सांगा.”

घरी आल्यावर बबनरावांनी तीन ओळींचं पत्र लिहिलं. ‘धर्माजी, छाप. वहीला काडी लावू नकोस. तुझ्या आईची गोष्ट ऐकताना आज आमच्या सोसायटीने दोन बादल्या पाणी वाया घालवलं.’ खाली आणखी एक ओळ लिहून त्यांनी पाकीट चिकटवलं.

सकाळी मृणालिनीबाई पोस्टाच्या पेटीपर्यंत सोबत आल्या. “फोन का नाही केलात?”

“तो विचारील, सात महिने काय करत होतास.”

“पत्रात नाही का विचारणार?”

“पत्रात मी आधीच सांगून टाकलंय. वाचत होतो, म्हणून,” बबनराव म्हणाले आणि त्यांनी पत्र पेटीत सोडलं.