दिवाणजींनी झाडलेली कणी

आमच्या शेजारचे भूपालअण्णा दिवस मावळला की लॅपटॉपमधल्या एआय एजंटला सुट्टी देतात. लॅपटॉप मिटायचा, त्यावर हात ठेवायचा आणि म्हणायचं, "या आता दिवाणजी. दिवस बुडाला." अण्णा स्वतः सूर्यास्ताआधी जेवून घेणारे जैन. ज्याच्याकडून दिवसभर काम करून घेतलं त्याला उपाशी कसं ठेवायचं, हा त्यांचा सवाल. तो जेवत नाही, हे मी त्यांना सांगून बघितलं. "तुमाला काय म्हाईत, सर?" म्हणाले. मी कॉलेजात भूगोल शिकवतो. हे माझ्या विषयात येत नाही.

सांगलीच्या मार्केट यार्डात अण्णांची हळदीची अडत होती. आता ती मुलगा बघतो आणि अण्णा विश्रामबागेतल्या घरी असतात. हाताला काम नाही, म्हणून फोटो काढतात. लग्नातली पंगत, औषधाची पाकिटं, दारातून गेलेली म्हैस, काही सुटत नाही. फोन लहान, म्हणून सगळं आपोआप क्लाउडवर जातं आणि फोनमधून पुसलं जातं. तिथलीही जागा भरली तेव्हा मी त्यांना हा एजंट लावून दिला. तोंडी हुकूम सोडला की तो हजारो फायली एका दमात नीट लावून ठेवतो. पेढीवर असली कामं दिवाणजी करायचे, म्हणून हाही दिवाणजीच.

बिचारा काहीही काढून टाकण्याआधी परवानगी मागायचा. अण्णा त्याला वैतागले. "समदं मालकालाच इचारायचं, तर दिवाणजी ठिवलाय कशाला?" त्यांनी त्याला ताकीद दिली, यापुढं विचारत बसायचं नाही. मी म्हटलं, अण्णा, इतका विश्वास बरा नव्हे. "सर, माणूस ठिवला की किल्ली द्याया लागती."

त्या सगळ्या पसाऱ्यात अण्णांचा जीव एकाच गोष्टीत होता, धाकट्या भावाच्या आवाजात. बापू कवठे महांकाळला द्राक्षबाग करतात. पेढीच्या वाटणीत दोघा भावांचं बिनसलं आणि बोलणं तुटलं. तरी बापू रोज सकाळी फोनवर चार वाक्यं बोलून पाठवायचे. बागेवर दावण्या रोग आला, गाय व्याली, तुमचा गुडघा कसा हाय. अण्णा उत्तर देत नसत. इतकंच नव्हे, फोनवर ऐकलं तर बापूंना ऐकल्याची निळी खूण दिसेल, म्हणून तिथं ऐकतही नसत. क्लाउडवर आलेली प्रत लॅपटॉपवर लावायची आणि कान टेकवून ऐकायची. पुन्हा पुन्हा ऐकायची. रागही सांभाळायचा आणि मायाही, असा हा बंदोबस्त. "त्येला कळायला नगं," एवढंच ते म्हणायचे.

गेल्या महिन्यात जागा पुन्हा भरली. अण्णांनी पेढीवरच्या सवयीनं हुकूम सोडला, "मोटा माल म्होरं लाव, मधला मागं, आन् कणी झाडून टाक. गोणीतबी ठिवू नगं."

कणी म्हणजे हळदीतला बारीक माल. एजंटानं शहाण्यासारखा अर्थ लावला. आकारानं सगळ्यांत लहान फायली काढल्या आणि कचरापेटीही रिकामी केली. म्हैस राहिली, पंगत राहिली. बापूंचे आवाज तेवढे गेले, कारण चार वाक्यांची फाइल ती केवढी असणार?

अण्णांनी हाक मारली तसा मी गेलो. होतं नव्हतं तेवढं ज्ञान पणाला लावलं. एजंटानंही शोधलं आणि परत मिळणार नाही, असं अदबीनं कळवलं. मला त्याचा राग आला. अण्णांना आला नाही. "त्येची काय चूक? झाड म्हनलो, त्येनं झाडलं."

समोरच्या चहावर साय धरली. शेवटी त्यांनी फोन माझ्यापुढं केला. "बापूला लावा, सर. माज्यानं लावायचं हुईना."

मी फोन लावून स्पीकरवर टाकला. बापूंचा आवाज आला आणि अण्णा एकदम म्हणाले, "बापू, तुजं समदं बोलणं माज्याकडनं पुसलं गेलं. परत पाठीव."

पलीकडं फवारणीच्या पंपाचा आवाज येत होता. मग तो बंद झाला.

"म्हंजी ऐकत हुता व्हय तुमी, अण्णा?"

"रोज."

"मला वाटलं, मी भिताडासंगं बोलतोय." बापू म्हणाले. "आन् जुनं कुटनं पाठवू आता? फोन भरला की मीबी समदं पुसतोय. काय बोललो, ते मला तरी कुटं ध्यानात हाय?"

"मग आज काय झालं ते सांग," अण्णा म्हणाले, आणि माझ्या हातातला फोन त्यांनी काढून घेतला.