बारा-तेराचा पाना

मी फक्त प्लग साफ करणार होतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण आमच्या गल्लीत लोक म्हणतात की शिशिरने वहिनीच्या घरात इंजिन कापलं. कापलं नाही, खोललं. आणि एकदाच खोललं असतं तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती.

गाडी विलासदादाची. पांढरी मारुती आठशे, शहाण्णव सालची, म्हणजे माझ्यापेक्षा वयाने मोठी (आणि माझ्यापेक्षा जास्त वेळा पास झालेली, निदान प्रदूषणाच्या परीक्षेत तरी). दादा एअरफोर्समध्ये दिवसभर विमानांची इंजिनं बघायचा आणि घरी आला की हिचं. जानेवारीत एका सकाळी तो ड्यूटीवर गेला आणि दुपारी त्याच्या युनिटची चार माणसं टोप्या हातात धरून दारात आली. एकोणचाळीस वर्षांचा होता. हृदय बंद पडलं. तीस वर्षांची गाडी चालू ठेवणाऱ्या माणसाचं हृदय चाळिशीच्या आत बंद पडतं, याला काय म्हणायचं ते मला कळत नाही. मी दहावी तीनदा नापास आहे. ज्यांना कळतं त्यांनी सांगावं.

दहाव्याला मी कोरेगावहून चंदीगडला आलो आणि वहिनीला आधार द्यायला मागे राहिलो. आधार असा, की उल्कावहिनी सकाळी आयटी पार्कला नोकरीवर जाताना माझा डबा करून ठेवायची आणि मी तो बारा वाजता खाऊन रडायचो. संध्याकाळी ती यायची आणि मला जेवायला वाढून समजूत घालायची. असा चार महिने मी आधार दिला.

मे महिन्यात एका संध्याकाळी वहिनी म्हणाली, "जूनअखेर क्वार्टर सोडायचंय. एयरोसिटीत दोन खोल्या मिळाल्यात. गाडीसाठी कबाडीवाल्याला पुढच्या रविवारी बोलावलंय."

"दादाची गाडी भंगारात?"

"बंद आहे ती. ढकलत न्यायची का तिकडे?"

"मी सुरू करतो."

"आणि सुरू झाली तर?"

"तर चालवत नेऊ की!" (या वाक्याकडे मी शेवटी येणार आहे. तोवर ते तसंच राहू दे.)

खरं सांगायचं तर मला गाडीतलं काही येत नव्हतं. पण गेली आठ वर्षं दादा दर दिवाळीला फोन करायचा, "ये की रे, इंजिन खोलायचंय. एकट्याचं काम नाही, चार हात लागतात." आणि फोन ठेवताना म्हणायचा, "येताना रिकाम्या हाताने येऊ नको." मी दरवेळी कुणाबरोबर तरी शेंगदाण्याची चटणी पाठवून द्यायचो आणि स्वतः जायचो नाही. आता चारपैकी दोन हात गेले होते. उरलेले दोन कसे आहेत ते तुम्हाला लवकरच कळेल.

क्वार्टरमागच्या शेडमध्ये दादाचा बोर्ड होता. भिंतीएवढी फळी, तिच्यावर प्रत्येक पान्याची काळ्या रंगाने काढलेली आकृती, आणि त्या आकृतीवर तो पाना. एअरफोर्सची शिस्त. काम संपलं की सगळे पाने आपापल्या आकृतीवर परत आले पाहिजेत. एक जरी कमी भरला तरी विमान उडत नाही. तो इंजिनात राहिलाय असं धरायचं आणि पुन्हा सगळं खोलायचं. दादाने हा नियम घरीही आणला होता. स्वयंपाकघरात उलथण्याचीसुद्धा आकृती आहे. पोळपाट जागेवर नसेल तर दादा आंघोळीला जात नसे.

मी पहिल्या दिवशी त्या बोर्डावरचे सगळे पाने दोन्ही हातांनी ओरबाडून घमेल्यात टाकले. एकेक काढत बसायला वेळ कुणाला होता?

प्लग काढले. काळे होते, पुसले. गाडी सुरू झाली नाही. म्हटलं, वरचं झाकण काढून बघू. झाकणाखाली जे दिसलं ते मला समजलं नाही, म्हणून त्याच्याखालचं काढलं. मग त्याच्याखालचं. मणिमाजऱ्याच्या मोटार बाजारातले गुरनाम पाजी दादाचे दोस्त. तिसऱ्या दिवशी ते आले तेव्हा मी इंजिनाच्या तळाशी पोचलो होतो.

"ओए मराठे," पाजी म्हणाले, "इंजन है, प्याज नहीं है कि छीलता ही जाए!"

"पाजी, अंदर क्या खराब है?"

"पहले रिंग खराब थे. अब तू है अंदर."

पण त्यांनी नव्या रिंगा दिल्या, गॅस्केट दिलं आणि काय कुठे बसतं ते सगळं तीनदा समजावून सांगितलं. मी तिन्ही वेळा मान हलवली.

पिस्टन मी पुरणाच्या पातेल्यात रॉकेल घालून भिजवले. बारीकसारीक भाग हरवू नयेत म्हणून वहिनीच्या मसाल्याच्या डब्यात ठेवले. डबा अगदी त्याच कामासाठी केल्यासारखा होता. (मोहरी, जिरं, हळद मी एका कागदावर नीट काढून ठेवली होती. पंखा सुरू होता हे मान्य.) त्या रात्री जेवताना वहिनीच्या दाताखाली काहीतरी कट्कन वाजलं. तिने ते काढून ताटाच्या कडेला ठेवलं.

"भाऊजी, हे काय आहे?"

वहिनी मला एरवी शिशिर म्हणते आणि तू म्हणते. भाऊजी आणि तुम्ही सुरू झालं की समजायचं, पाणी डोक्यावरून गेलं.

"व्हॉल्व्हची क्लिप आहे. मी दुपारपासून शोधत होतो. बरं झालं सापडली."

बाकीची आमटी वहिनीने गाळून वाढली.

शेडमध्ये मात्र ती पाऊल टाकत नव्हती. जानेवारीपासून नाही. चहा द्यायचा असला की दारातून हात लांब करायची आणि तोंड दुसरीकडे वळवायची.

शनिवारी संध्याकाळी इंजिन जुळून आलं. शेवटचा बोल्ट बसवताना त्याखालचा वॉशर सापडेना. मी घमेलं उपसलं, फरशी चाटायची तेवढी बाकी ठेवली. आणि मान वर केली तर रिकाम्या बोर्डावर, एका खिळ्याला, मधे भोक असलेला जाड पितळी वॉशर लटकत होता! डोळ्यांत पाणी आलं. म्हटलं, दादा, तुला माहीत होतं हा गाढव एक वॉशर हरवणार. बोल्ट आवळला, पाने पुसले आणि एकेक करून आकृतीवर टांगले.

एक आकृती रिकामी राहिली. बारा-तेराचा पाना, एका टोकाला बारा नंबर, दुसऱ्याला तेरा.

मी घमेलं बघितलं, गाडीखाली बघितलं, पातेलं, मसाल्याचा डबा, स्वतःचे खिसे बघितले. मी तो पाना वापरला होता का? आठवेना. बारा नंबरचं काहीतरी वापरलं होतं खरं. मी दारात जाऊन हाक मारली, "वहिनी, एक पाना कमी भरतोय."

आतून भांड्यांचा आवाज थांबला. मग वहिनी म्हणाली, "मग खोल."

"उद्या कबाडी येणारे!"

"ते असते तर काय म्हणाले असते?"

मी खोललं.

रविवारी कबाडीवाला आला तेव्हा दादाची गाडी शेडभर पसरली होती. तो दारात उभा राहून बराच वेळ बघत होता. "बीबीजी," तो वहिनीला म्हणाला, "हम गाड़ी लेते हैं. रायता नहीं लेते." पुढच्या रविवारी येतो म्हणून गेला.

पाना आत नव्हता. मी परत बांधलं. बांधून मोजलं, एक कमी. आता मला खात्री वाटायला लागली की पाना पहिल्यांदा आत नव्हता, पण दुसऱ्यांदा मीच नक्की आत टाकला असणार. तिसऱ्यांदा खोललं. पाना नव्हता. गुरुवारी तिसऱ्यांदा बांधलं आणि मोजलं.

मग मी फरशीवर बसलो. बेचाळीस डिग्री ऊन, अंगावर इंजिनापेक्षा जास्त ऑइल. मी त्या रिकाम्या आकृतीला शिव्या दिल्या. मग दादाला दिल्या. असला कसला नियम, म्हटलं, एक पाना नाही म्हणून सगळं थांबवायचं? एक अख्खा माणूस नाहीये तरी सगळं चालूच आहे की! सकाळी दूधवाला येतो, पलीकडे विमानं उडतात. तेव्हा कुणी का मोजलं नाही? कुणी का नाही म्हणालं की थांबा, एक कमी आहे?

हे मी जरा मोठ्याने म्हणालो असणार, कारण वहिनी दारात आली. आणि आत आली. चार महिन्यांनी पहिल्यांदा. ती बोर्डासमोर उभी राहिली.

"हा पाना कमी आहे?"

"हो."

"हा?"

"बारा-तेराचा. मी सगळीकडे..."

"इथलं टोकन कुठंय?"

"कसलं टोकन?"

"इथं एक टोकन लावलेलं होतं. पितळी. ज्याने पाना नेला त्याचं टोकन त्या जागी लावायचं, म्हणजे पाना कुणाकडे आहे ते कळतं. यांनी वॉशरवर नंबर ठोकून बनवली होती. त्यांचं एक, माझं दोन."

मी इंजिनाकडे गेलो, बोल्ट सैल केला आणि तो वॉशर काढून पुसला. एका बाजूला आकडा ठोकलेला होता. तीन.

"वहिनी, तीन नंबर कुणाचा?"

वहिनी माझ्याकडे बघत राहिली. "घरात अजून कोण राहिलं होतं, भाऊजी?"

मी राहिलो होतो. आठ वर्षांपूर्वी, तिसऱ्यांदा नापास झाल्यावर. काहीतरी शिकावं म्हणून दादाने मला इथे आणलं, पहिल्याच दिवशी एक पाना हातात दिला आणि म्हणाला, हा तुझा. बाविसाव्या दिवशी त्याच्याशी भांडून मी सेक्टर त्रेचाळीसच्या अड्ड्यावरून बस पकडली. गावाला पोचलो तेव्हा पँटच्या खिशात पाना होता. परत पाठवला नाही, टाकूनही दिला नाही. त्याच आठवड्यात आमच्या न्हाणीघराच्या दाराची कडी तुटली. मी तिथे पाना अडकवला. आठ वर्षं मी रोज दोन वेळा त्याला हात लावत होतो, पण रोज हाताखाली असलेली वस्तू मुळात काय होती ते माणूस विसरतो. माझ्यासाठी ती कडी झाली होती.

दादा दर दिवाळीला रिकाम्या हाताने येऊ नको म्हणायचा. आणि मी चटणी पाठवायचो.

आईला फोन लावला. "आई, न्हाणीघराचं दार कशानं लावतीस?"

"दादाच्या पान्यानं. का रं?"

"तुला माहीत होतं, तो दादाचा आहे?"

"तर! त्यानंच सांगितलं हुतं. म्हणला, त्याला काय बोलू नको. घेऊन यील तवा यील." मग तिने विचारलं, "पाठवू का आता?"

"पाठव."

"आन मी अंगुळ उघड्यावर करू?"

रविवारी कबाडीवाला पुन्हा आला. वहिनी दारात उभी राहून त्याला म्हणाली, "भैया, एक पाना मिसिंग है. जब तक आता नहीं, गाड़ी हिलेगी नहीं. रूल है." त्याने आत नजर टाकली, मला बघितलं आणि हात जोडून गेला. तो परत आला नाही.

नऊ दिवसांनी पार्सल आलं. पाना आणि त्याच्याभोवती, तुटू नये म्हणून की काय, शेंगदाण्याच्या चटणीच्या दोन पिशव्या. मी तो बोर्डावर टांगला. आकृतीत बसेना. आठ वर्षं दार ओढून ओढून तो वाकला होता. वहिनीने रंगाची डबी घेतली आणि जुन्या आकृतीच्या बाहेरून, त्याच्या वाकडेपणासकट, नवी आकृती काढली. मग टोकन माझ्या हातात ठेवलं. "पुढच्या वेळी काही नेलंस तर स्वतः टांगून जा. दुसऱ्याला टांगायला लावू नकोस."

तू म्हणाली. म्हणजे मिटलं.

जूनच्या शेवटच्या दिवशी सामानाचा टेम्पो पुढे गेला. गुरनाम पाजी निरोप द्यायला आले. सगळे पाने मोजून झाले होते, पूर्ण भरले होते. मी खिडकीतून हात आत घालून चावी फिरवली. गाडी खोकली, शिंकली आणि सुरू झाली! पाजींनी टाळी वाजवली. वहिनीने पदर तोंडाला लावला.

"चल," ती म्हणाली आणि डाव्या सीटवर बसली. लग्नापासून ती तिथेच बसायची. मी मागे बसलो. बावीस दिवस दादाने मला मागेच बसवलं होतं. आम्ही दारं लावून घेतली. इंजिन सुरेख चाललं होतं. आम्ही वाट बघत बसलो.

बऱ्याच वेळाने वहिनी मागे न वळता म्हणाली, "भाऊजी, तुम्हाला गाडी चालवता येते ना?"

"नाही," मी म्हणालो. "तुम्हाला?"

वहिनीने नकारार्थी मान हलवली. समोरची उजवी सीट रिकामी होती. चावी बंद करायला आम्हा दोघांपैकी कुणाचाही हात गेला नाही. टाकीत जेमतेम अर्धा लिटर पेट्रोल होतं. ते संपेपर्यंत आम्ही तसेच बसून राहिलो, आणि इंजिन आपोआप बंद पडलं तेव्हा गुरनाम पाजी खिडकीशी वाकले.

"क्यों जी," त्यांनी विचारलं, "पहुँच गए?"