एका रकान्याची करामत

खळ्ळ! पलंगावरून खुळखुळा पडला आणि मोठ्या मुश्किलीने जमवलेली दुपारची शांतता फुटली. मांडीवरच्या बाळाने एक डोळा उघडला. चौथीच्या वर्गाच्या बाईंनी श्वास रोखला, एका हाताने बाळाला थोपटलं आणि दुसऱ्या हाताने लॅपटॉपवर जे दाबायचं ते न बघताच दाबलं. डोळा मिटला. बाईंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी तक्ता पाठवून दिला आणि बसल्याबसल्या स्वतःही पेंगल्या.

तक्ता साधासुधा नव्हता. शाळा लाल यादीत होती. कोणतं मूल मिनिटाला किती शब्द वाचतं, ते दर तीन महिन्यांनी कळवायचं. या खेपेलाही कच्ची मुलं पुढे सरकली नाहीत, तर शाळेला कुलूप!

सोमवारी मुख्याध्यापक वर्गात शिरले ते जवळजवळ नाचतच.

"बाई, कमाल केलीत! आपली गोगलगाय नऊ शब्दांवरून थेट ब्याण्णववर!"

गोगलगाय म्हणजे शेवटच्या बाकावरची मुलगी. दुसरा शब्द लागेपर्यंत पहिला विसरायची.

"आणि सर, आपला पोपट?" पहिल्या बाकावरच्या बडबड्या मुलीबद्दल बाईंनी चाचरत विचारलं.

"ती ब्याण्णववरून नऊवर. पण घसरणीचं पान वेगळं असतं, ते कोण उघडतंय!"

बाईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. यादी हुशारांपासून कच्च्यांपर्यंत होती. खुळखुळ्याच्या दणक्यात त्यांनी आकड्यांचा रकाना तेवढा उलटा लावला होता. नावं जागच्या जागी, आणि आकडे उठून भलत्याच्याच घरी पाहुणे!

"सर, अहो, चूक झालीय..."

"शू! वरून अभिनंदन आलंय. तीन आठवड्यांनी शिक्षण खात्यातल्या मोठ्या मॅडम स्वतः बघायला येतायत."

"मग तर मेलेच मी!"

सरांनी तोवर भिंतीवर कागद डकवलाही होता. 'सर्वाधिक प्रगती', आणि खाली गोगलगायीचं नाव. ते वाचायला तिला अर्धा तास लागला. वाचून झाल्यावर ती वळली.

"बाई, ही मी?"

नाही म्हणायचं होतं. पण तो चेहरा बघून बाईंच्या तोंडून निघालं, "हो."

झालं! गोगलगायीला पंख फुटले. साबणाचं वेष्टन, औषधाची बाटली, दुकानाची पाटी, काही म्हणून सोडेना. आठवड्याने तिची आई फाटकाशी उभी. "बाई, हिला आवरा हो! मी फोडणी टाकतेय आणि ही मला फिनेलच्या बाटलीवरच्या सूचना वाचून दाखवतेय!" इकडे पोपटाचा तिळपापड झालेला. ती घड्याळ घेऊन रोज गोगलगायीशेजारी ठाण मांडायची. "वाच. मी मोजते. लबाडी नाही चालायची."

मॅडम आल्या. त्यांनी घड्याळ लावलं. बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. गोगलगाय ओळीवर बोट ठेवून वाचत सुटली.

"एक्केचाळीस," मिनिट संपल्यावर मॅडम म्हणाल्या. "उरलेले एक्कावन्न कुठेयत?"

सर पंख्याकडे बघू लागले.

"मॅडम, चूक माझी," बाईंनी एका दमात सांगून टाकलं. "आकड्यांचा एकच रकाना क्रमाने लावला, नावं तिथेच राहिली."

मॅडमनी घड्याळ खाली ठेवलं. मग हळूच म्हणाल्या, "एकच रकाना लावला की नावं हलत नाहीत?"

"नाही ना!"

मॅडमनी आपला लॅपटॉप उघडला. वर पाहिलं, खाली पाहिलं. चेहऱ्याचा रंग उडाला.

"सर, जरा पाणी मागवता? शाळांची यादी मीही अशीच लावली होती. तुमची शाळा... मुळात लाल नव्हतीच."

"मग लाल कोण?"

"मागच्या महिन्यात जिला उत्तम शाळेची ढाल दिली ती."

सर मटकन बाकावर बसले. बाईंना हसावं की रडावं कळेना. मॅडम घटाघट पाणी प्यायल्या आणि सावरल्या.

"बरं, खरे आकडे तर भरू. तीन आठवड्यांत नऊवरून एक्केचाळीस, म्हणजे चेष्टा नाही! इथे विचारलंय, 'उपाय कोणता केला?' काय लिहू, बाई?"

बाई त्या रिकाम्या चौकोनावर वाकल्या. तेवढ्यात कोणीतरी त्यांचं बोट ओढलं. गोगलगाय होती, सगळं ऐकत उभी होती.

"बाई, मी चुकून पहिली आले होते ना? मग वाचायलापण मला चुकूनच येतंय का?"