भिंतीतल्या कॉम्प्युटरचा मानपान

मंगळवारी दुपारी कोणी न सांगता वीज घालवली म्हणून आमचा कॉम्प्युटर रुसला. वीज परत यायला फार वेळ लागला नाही. फ्रिज घरघरला, पंखा फिरला, राउटरचे दिवे लुकलुकले. कॉम्प्युटरचा मात्र एकच दिवा लागला, तोही लाल, आणि तो तसाच राहिला.

कॉम्प्युटर म्हणजे टेबलावर मिरवणारा नव्हे. जाड चार्जरएवढा डबा आहे, थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये बसतो. त्याला ना पडदा, ना कळा. माझा नवरा श्रीपाद यानं तो आणला, टीव्हीमागे खोचला, त्यात आप्पांची गाणी भरली, रिकाम्या झालेल्या कॅसेटा भंगारात घातल्या आणि हुबळीच्या नोकरीवर निघून गेला.

आप्पा माझे सासरे. त्यांनी आणि त्यांच्या धाकट्या भावानं तरुणपणी रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून नाट्यपदं उतरवून घेतली होती. मधे वायर नव्हती, त्यामुळे पदाबरोबर खोलीतलं सगळंच टेपमध्ये आलं. कुकरची शिट्टी आली, आजेसासूबाईंची 'जेवायला बसा रे' अशी हाक आली, आणि एका पदाच्या ऐन रंगात भाऊकाकांची शिंक आली. असलं रेकॉर्डिंग बाजारात विकत मिळत नाही.

भाऊकाका म्हणजे तोच धाकटा भाऊ. ते वरच्या मजल्यावर राहतात. घर एक, जिना एक, मीटरही एकच, फक्त बोलणं नाही. काकांच्या मुलीचं, नलूचं, लग्न ठरलं तेव्हा काका सगळ्या मिरजेत अक्षत देत फिरले, रिक्षा करून पार माधवनगरपर्यंत गेले, आणि सख्ख्या भावाला मात्र त्यांनी गच्चीतून वाकून सांगितलं, 'आप्पा, रविवारी यायचं बरं का.' घरातल्या घरात कसली आलीय अक्षत, असं त्यांना वाटलं. आप्पा लग्नाला गेले नाहीत. ते आले नाहीत म्हणून काका रुसले. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते, त्यामुळे प्रकरण मिटायला काही वावच नव्हता.

संध्याकाळी तेवढं एक चाले. आप्पा खाली गाणी लावत आणि वरूनही तेच पद ऐकू येई, कारण श्रीपादनं काकांचा स्पीकर याच कॉम्प्युटरला जोडून दिला होता. शिंक आली की आप्पा म्हणत, 'शिंकला.' वर काय म्हणत ते मला माहीत नव्हतं.

मंगळवारी संध्याकाळी दोन्ही मजले गप्प होते. आप्पांनी ताटात भाकरी तशीच टाकली आणि आज भूक नाही म्हणाले. गाणी परत आली नाहीत तर काय, हे त्यांनी विचारलं नाही, पण डोळे टीव्हीमागेच होते. मला त्यांच्याकडे बघवेना.

मी श्रीपादला फोन केला. तो म्हणाला, काढून परत लाव. मी काढून परत लावला. तो म्हणाला, दुसऱ्या सॉकेटमध्ये लाव. मी स्वयंपाकघरात मिक्सरशेजारी लावला, तिथे तर दिवा जास्तच लाल दिसायला लागला. मग श्रीपाद म्हणाला की हा रुसला असणार, रेहानाला बोलाव.

रेहाना मुजावरचं किल्ला भागात दुरुस्तीचं दुकान आहे. दुसऱ्या दिवशी ती पिशवी घेऊन आली आणि जमिनीवर मांडी घालून बसली. तिनं आधी डब्याला परत त्याच्या जागी, टीव्हीमागे नेलं, कारण त्याला मिक्सरशेजारी बसवणं हा आणखी एक अपमान झाला होता. मग मल्टीमीटर लावून व्होल्टेज पाहिलं, आतलं कार्ड काढून पुसलं, आणि शेवटी एक बारीक केबल डब्यातून आपल्या लॅपटॉपला जोडली. लॅपटॉपवर ओळी भराभर वर सरकल्या आणि थांबल्या. शेवटची ओळ अशी होती: 'पुरवठा बंद करण्यापूर्वी सूचना मिळाली नाही. उठणार नाही.'

रेहाना म्हणाली, "वहिनी, बिघाड काही नाही. करंट बरोबर आहे, कार्ड बरोबर आहे. मानपानाचा प्रश्न आहे."

जबरदस्तीनं उठवता येत नाही का, असं मी विचारलं. तिनं डब्याच्या बाजूचं बारीक भोक दाखवलं. त्यात टाचणी घालून दाबून धरली की तो निमूट उठतो, म्हणाली.

"मग घाला की टाचणी."

"घालते. पण तसा उठवला की सगळं विसरतो. गाणी जातील. त्याला आपण कोणी लागतो हेसुद्धा त्याच्या लक्षात राहत नाही."

आप्पा खुर्चीतूनच म्हणाले की त्या भोकाला कोणीही हात लावायचा नाही. त्यांचा आवाज इतका वर गेलेला मी नलूच्या लग्नानंतर ऐकला नव्हता.

मग समजूत काढायचं ठरलं. मी सांगत गेले आणि रेहाना टाइप करत गेली. झालं ते बरं नाही झालं, आता राग सोडावा, घरातली मंडळी खोळंबली आहेत. उत्तर लगेच आलं: 'तुम्ही नव्हे. ज्यांनी बंद केलं त्यांनी यावं.'

मी वीज कार्यालयाला फोन लावला. तिथल्या गृहस्थांनी शांतपणे ऐकून घेतलं, कोणता कॉम्प्युटर, कधीपासून रुसला, जेवण वगैरे घेतो का, ते विचारलं. मग म्हणाले की मंगळवारी आमच्याकडून तुमच्या भागात बंद नव्हतं. आमच्याकडून असतं तर आम्हीच माणूस पाठवतो, नारळ आमचा असतो. तुम्ही घरातच चौकशी करा.

घरातली चौकशी जिन्यातच संपली. काकू दळण घेऊन वर चालल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अगं, आमची ट्यूब गेली होती ना, ती बदलायला यांनीच मेन स्विच पाडला. खाली सांगा म्हटलं होतं मी. तर म्हणे, कोणाशी बोलू?"

मी तशीच वर गेले. भाऊकाका नव्या ट्यूबखाली बसून पेपर वाचत होते. त्यांनी काहीही नाकारलं नाही. स्विच मीच पाडला, म्हणाले, चूकही माझीच असेल, पण बोलावल्याशिवाय मी खाली येणार नाही. मी म्हटलं, कॉम्प्युटरच बोलावतोय, 'यावं' असं स्वच्छ लिहिलंय त्यानं.

काकांनी चष्मा काढला. "वैजू, 'यावं' हे बोलावणं नव्हे. तो हुकूम झाला."

मी खाली आले. आप्पांना म्हटलं, तुम्ही एक हाक मारा. आप्पा म्हणाले की बोलावणं यजमानानं करायचं असतं, आणि कॉम्प्युटर त्यांचा नाही, श्रीपादचा आहे. श्रीपादला फोन केला. तो म्हणाला की यजमान मीच, पण फोनवरून बोलावणं केलेलं काकांना चालणार नाही, आणि रजा मिळत नाही. रेहानानं कॉम्प्युटरला विचारून पाहिलं की तोच रीतसर बोलावणं करील का. 'रुसलेल्यानं बोलावणं करण्याची पद्धत नाही,' असं उत्तर आलं, आणि त्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं.

मी ओट्याशी जाऊन उभी राहिले आणि मला रागानं रडू आलं. त्या दोन म्हाताऱ्यांचा राग आला, हुबळीच्या ऑफिसचा आला, आणि सगळ्यात कमी राग त्या डब्याचा आला, कारण आपल्याला काय हवंय हे तिघांत तोच एकटा सरळ सांगत होता. बाहेर आप्पा रेहानाला विचारत होते की गाणी आत शाबूत तरी आहेत का. ती सांगत होती की आहेत, सगळी आहेत, फक्त दार आतून लावलंय.

काकू खाली डोकावल्या तेव्हा मी डोळे पुसत होते. त्यांनी तिथल्या तिथे निकाल दिला. घरची सून अक्षत घेऊन जाते तेव्हा ती कोणा एकाकडून जात नाही, घराकडून जाते. घरात आप्पा आले, श्रीपाद आला, कॉम्प्युटरही आला. रेहानानं हे टाइप केलं. जरा वेळानं ओळ उमटली: 'चालेल.'

मी साडी नेसले. तांदळाला कुंकू लावलं, वाटीत सुपारी ठेवली आणि जिना चढले. काकूंनी आतून पाट आणून मांडला. काका पाटावर बसले, हात पुढे केला. मी अक्षता दिल्या आणि म्हटलं, "आमच्याकडे कॉम्प्युटर उठवायचाय. सहकुटुंब यायचं. तुमच्याशिवाय अडलंय."

काकांनी मुठीतल्या अक्षतांकडे बराच वेळ बघितलं. मग विचारलं, "आप्पाला माहीत आहे?"

"वाटी त्यांनीच काढून दिली," मी म्हटलं. हे खरं होतं. मला चांदीची वाटी सापडत नव्हती आणि ते न बोलता उठून कपाटाशी गेले होते.

काका कोट घालून आणि काळी टोपी चढवून आले. एकाच जिन्यासाठी हा थाट जरा जास्त होता, पण कोणी तसं म्हणालं नाही. आप्पा खुर्चीत पेपर उघडून बसले होते आणि पेपरामागून त्यांचं काहीही दिसत नव्हतं. काका टीव्हीमागे वाकले. डब्याला अरे म्हणायचं की अहो, असं त्यांनी रेहानाला हळूच विचारलं. ती म्हणाली, वयानं लहान आहे, पण आज मान त्याचा आहे.

"अहो," काका भिंतीला म्हणाले, "चुकलं माझं. खाली येऊन सांगायला पाहिजे होतं. वरच्या वर उरकलं मी."

लाल दिवा तसाच होता.

"वरून ओरडलं म्हणजे सांगितलं असं होत नाही," काका म्हणाले. "घरातल्या घरात कसला मान, असं वाटलं तेव्हा. मग पंगतीत बसलो तर घास उतरेना. एक पाट रिकामा ठेवला होता मी. वाढपी दोनदा विचारायला आला, हा काढू का म्हणून. काढू दिला नाही."

पेपर हलला. "कुठल्या बाजूचा?" आप्पांनी विचारलं.

"माझ्या उजवीकडचा."

काकू पदर तोंडाला लावून दारात उभ्या होत्या. दिवा लालच होता, म्हणून मी घाबरून रेहानाकडे पाहिलं. तिनं लॅपटॉप माझ्याकडे वळवला. पडद्यावर लिहिलं होतं: 'माझं झालं. त्यांचं होऊ द्या.'

आप्पांनी पेपराची घडी केली, ती नीट मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "भाऊ, कोट काढ. उकडतंय." मग शेजारच्या खुर्चीवरचे धुतलेले कपडे त्यांनी स्वतः उचलून माझ्या हातात दिले. ती खुर्ची त्यांच्या डावीकडे होती. काका तिच्यात बसले तेव्हा आप्पा त्यांच्या उजवीकडे आले.

दिवा आधी पिवळा झाला, मग हिरवा. सोमवारी संध्याकाळी जिथे थांबवलं होतं तिथूनच पद पुढे सुरू झालं, खाली आणि वर एकदमच. कुकरची शिट्टी झाली, आजेसासूबाईंची जेवायची हाक आली, आणि मग ती शिंक आली.

"शिंकला," आप्पा म्हणाले.

"रेडिओवरची धूळ तू पुसायची होतीस," काका म्हणाले. वरही ते हेच म्हणत असत, असं काकूंनी मला नंतर सांगितलं.

रेहानानं तपासणीचे तेवढे पैसे घेतले. समजूत काढल्याचे पैसे आमचं दुकान लावत नाही, म्हणाली. जाताना तिनं एक सूचना केली की यापुढे मेन स्विच पाडायचा असेल तर आधी प्रत्यक्ष येऊन सांगावं, म्हणजे पुन्हा ही वेळ येणार नाही. काकांनी ती लक्षपूर्वक ऐकली.

तेव्हापासून ते दुपारच्या चहाच्या वेळी टोपी घालून खाली येतात, कॉम्प्युटरसमोर अक्षता ठेवतात आणि आज जरा वीज बंद करतोय असं सांगतात. आप्पा त्यांना बसवून घेतात. चहा होतो, गाणी होतात. मग काका जिन्याखाली जाऊन स्विच पाडतात, थोडा वेळ थांबतात, परत वर करतात आणि सगळं ठीक उठलं ना हे बघायला पुन्हा आत येतात. वरच्या मजल्यावर आता दुरुस्त करण्यासारखं काही उरलेलं नाही, असं काकू म्हणतात.

फ्रिजनं मधे एकदा विचारलं होतं की मला कोणी वेगळं का सांगत नाही. त्याच्यासमोरही आता चार अक्षता ठेवतो. कॉम्प्युटरची काही तक्रार नाही.