एक मूठ मेथीचं वजन

आमच्या चिखलीच्या सोसायटीत भाजीची गाडी आली की बायका पिशव्या घेऊन उतरतात आणि दगडूकाका काखेत डिजिटल वजनकाटा मारून. जुडी काट्यावर ठेवायची आणि विचारायचं, "जुडी म्हणजे नक्की किती ग्रॅम?"

"जुडी म्हणजे जुडी, काका," भाजीवाला म्हणतो. "घ्यायची तर घ्या राव."

काका चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला होते. जे मोजता येत नाही त्याचा त्यांना रागच. मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट, आकड्यांना भीत नाही. पण एकदा मी त्यांना सहज म्हणाले, "भाजीत वाटीभर मटार टाका," तर त्यांनी मला जिन्यातच अडवलं. "कोणती वाटी? सपाट की शीग लावून? सैल की दाबून?" माझी निगडीची बस गेली.

हे वेड जुनं नाही. काकूंना अर्धांगवायू झाला, उजवा हात लुळा पडला आणि स्वयंपाक काकांकडे आला. काकू पलंगावरून सांगायच्या, "दोन वाट्या मेथी, मूठभर डाळ." काका करायचे. काकू दोन घास खाऊन ताट सरकवायच्या. दिवसेंदिवस वाळत चालल्या होत्या. चव बिघडते ती मापामुळे, असं काकांनी ठरवलं.

मग कंपनीची पद्धत लागली. वाटीत पाणी भरून वजन केलं, दीडशे ग्रॅम. म्हणजे दोन वाट्या मेथी तीनशे ग्रॅम. चिरलेल्या मेथीचा डोंगर कढईत मावेना, तेव्हा मला हाक आली.

"अहो, मेथी काय पाणी हाय का?" काकू पलंगावरून म्हणाल्या.

"वाटी तर तीच हाय ना?"

त्या दिवशी आख्ख्या मजल्यानं मेथी खाल्ली.

मग कोबी, मटार, गाजर, सगळ्यांच्या वाट्या वेगवेगळ्या तोलून झाल्या. पण काकू म्हणाल्या, "वाटी तुमच्यासाठी सांगितली. पालेभाजी मी मुठीनंच घ्यायची." आता काका ताटात मेथी घेऊन दारोदार. "पोरी, एक मूठ उचल. रोजच्यासारखी." माझी मूठ भरली बावीस ग्रॅम, समोरच्या शबानाभाभींची पस्तीस. काका वैतागले. "कंपनीत असं चालत न्हाई. एक मास्टर पीस असतो. बाकीचे त्याच्याशी ताडायचे."

मला आडून बोलता येत नाही. म्हटलं, "मास्टर पीस तुमच्या घरात बसलाय, काका."

"तिची मूठ वळत न्हाई."

"मग तुम्ही वळवा."

दुसऱ्या दिवशी त्यांचं आमच्याकडे राहिलेलं ताट परत द्यायला गेले. दार उघडंच होतं. काका पलंगाच्या कडेला बसले होते. काकूंच्या उजव्या तळव्यावर मेथी ठेवून एकेक बोट मिटवत होते.

"अजून घ्या," काकू म्हणाल्या. "एवढ्यात काय होतंय?"

काकांनी चिमूटभर वाढवली.

"आन आज माझ्यासंगं ताट घेऊन बसा," त्या हळूच म्हणाल्या. "रोज समोर उभं राहून माझा घास बघता. मग जात न्हाई घशाखाली. एकटीनं जेवायची सवय हाय का मला?"

मिटलेल्या मुठीवर काकांचा हात तसाच होता. शेजारी काटा शून्य दाखवत होता. थोड्या वेळानं तो आपोआप बंद झाला.

मी ताट दाराशी ठेवलं आणि परत फिरले.