तळव्यावरचा शेरा

रेकॉर्ड रूममधल्या त्या कारकुनाला सगळे तपशीलराव म्हणत, आणि हे नाव त्यांनी स्वतःच्या कष्टाने कमावलं होतं. मेहुण्याच्या लग्नात ते काळ्या सुटाखाली पिवळट बूट घालून फोटोत उभे राहिले. तो फोटो बायकोने महिनाभर येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवला, तेव्हा त्यांनी ठरवलं, आता बुटांचीही फायलींसारखी नोंद ठेवायची. (दुसऱ्या कुणी काळे बूट घातले असते आणि विषय संपवला असता.)

चार जोड्या, चार लेबलं. प्रत्येकावर जोडीचा नंबर, हवामान, सूट आणि कोणत्या माणसांसमोर घालायचे ते. लेबलाची जागा बुटाच्या तळाला, टाचेपुढच्या खोलगट भागात, कारण तिथे जमीन लागत नाही. मजकूर तपशीलरावांचा, लिहिणं-चिकटवणं बायकोचं. ती रोपवाटिकेत कामाला होती. रोज पाणी पिणाऱ्या कुंड्यांवर रोपांची नावं टिकवणं तिच्या डाव्या हातचा मळ.

सगळं सुरळीत चाललं होतं, तोच ऑफिसने रेकॉर्ड रूममध्ये एकच माणूस ठेवायचं ठरवलं. मुलाखतीत निवड झाली नाही तर बदली, चार तासांवरच्या शाखेत. म्हणजे एकतर बायकोची रोपवाटिका सुटणार, नाहीतर नवरा फक्त रविवारी दिसणार.

"मला दोन्ही नको," बायको म्हणाली. तपशीलरावांना फार बरं वाटलं.

मुलाखतीच्या सकाळी, भर हिवाळ्यात, नेमकी भुरभुर सुरू झाली.

"एक नंबर घालतो. महत्त्वाची माणसं," ते म्हणाले.

"त्याचा तळ चामड्याचा. ऑफिसच्या जिन्यात घसराल. ओल्या दिवसाला चार नंबर, असं तुम्हीच ठरवलंय."

"अगं, पण चार नंबरवर काय लिहिलंय..."

"तुमच्या पायाखाली कोण बघतंय?"

मुलाखतीला समोर ऑफिसच्या मुख्य बाई एकट्याच होत्या. पहिली दोन उत्तरं झकास गेली. मग तपशीलरावांना मेहुण्याचा सल्ला आठवला की पायावर पाय टाकून बसलं की आत्मविश्वास दिसतो. त्यांनी उजवा पाय उचलून ऐटीत डाव्या गुडघ्यावर ठेवला.

बाईंनी चष्मा लावला आणि सावकाश वाचलं, "जोडी चार. ओला दिवस. राखाडी सूट. बिनमहत्त्वाची माणसं."

मग त्यांनी चष्म्यावरून तपशीलरावांकडे पाहिलं.

"मी यात बसते का?"

"नाही मॅडम. तुम्ही एक नंबरमध्ये. पण एक नंबर घसरतो." (यापेक्षा गप्प राहिले असते तर बरं.) ते घाईने पाय खाली घेऊ लागले.

"राहू द्या तसाच." बाई टेबलाला वळसा घालून आल्या, वाकल्या आणि लेबलावर नख घासून बघितलं. "एवढ्या ओल्यातून आलात आणि अक्षरही पुसलं नाही. आपल्या तळघरातली लेबलं दरवर्षी गळून पडतात, निम्म्या फायली सापडत नाहीत. हे कसं केलंत?"

शहाण्या माणसाने इथे काहीतरी ठोकून दिलं असतं. तपशीलराव म्हणाले, "बायकोला विचारावं लागेल."

"विचारा."

त्यांनी फोन लावून स्पीकरवर टाकला.

"अहो, घसरलात का?" पलीकडून पहिला प्रश्न.

"नाही गं. लेबल कसं लावतेस, ते मॅडम विचारतायत."

"शाई नको, पेन्सिलने लिहायचं. मैद्याच्या खळीने चिकटवायचं, पूर्ण वाळलं की वर मेणबत्ती घासून गरम चमचा फिरवायचा. पण तुम्ही हात लावू नका हं, तुम्हाला वाळेपर्यंत दम निघत नाही."

बाईंनी सगळं लिहून घेतलं. शेवटचं वाक्यसुद्धा.

चौथ्या दिवशी आदेश हातात पडला. निवड झाली होती, बदली नव्हती. तपशीलराव जिन्यातच पायरीवर बसले. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांना त्याची लाजही वाटली नाही. घरी आल्यावर त्यांनी कागद बायकोच्या हातात दिला.

"सुटलो," ते म्हणाले.

"सुटलो बाई," म्हणत तीही खुर्चीत बसली. मग तिने कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला, सहीच्याही खालपर्यंत, आणि तिला हसू आवरेना.

"काय झालं?"

तिने तळाच्या ओळीवर बोट ठेवलं.

'प्रत रवाना: कर्मचाऱ्याच्या पत्नीस, देखरेखीसाठी.'