भाऊंच्या पडवीतलं चाक

आमच्या रोह्यात भाऊंकडे चहा फुकट मिळत नाही. आधी पडवीतलं चाक फिरवायचं, मग कप हातात येतो.

चाक म्हणजे भिंतीत बोल्टांनी ठोकलेलं लोखंडी चाक, कडेला मूठ. खांद्याच्या व्यायामाचं. अर्धांगाचा झटका येऊन गेल्यावर भाऊंच्या बायकोचा, कुसुमवैनींचा, उजवा हात वर जाईना, तेव्हा पेणच्या व्यायामवाल्या डॉक्टरीणबाईंनी ते सांगितलं. भाऊंनी चाक आणलं आणि सगळ्या आळीला जुंपलं. गॅसवाला सिलिंडर खाली ठेवतोय तोच, "फिरव! कंपनीत मी फुकट पगार घेतला नाय, तू पण फुकट चहा घेऊ नको." पुतणीला बघायला आलेल्या मुलानंही फिरवलं. बिचारा घामाघूम झाला. तरी लग्न जमलं, म्हणजे पोरगा चिवट.

मी तर भिंतीला भिंत लागून शेजारी. माझे हाल विचारू नका! नागोठण्याच्या कंपनीत यांनी जन्मभर मशिनं चालवली, आता माणसं चालवतात. माझा खांदा चांगला ठणठणीत होता हो, यांच्या चहापायी दुखायला लागला. एकदा वैतागून म्हटलं, "भाऊ, आजारी वैनी आहेत की मी?"

भाऊंनी आत पाहिलं आणि आवाज खाली आणला. "एकटीला लाज वाटते रे तिला. म्हणते, भिंतीशी झटतेय वेडी, असं म्हणतील लोक. आता सगळेच वेडे हायत, व्हय की नाय?" मग म्हणाले, "डाव्या हातानं कुंकू कसं लावायचं, म्हणून गेल्या चैत्रात तिनं बायकांना बोलावलंच नाय. दार लावून बसली. यंदा बोलावणार हाय."

मी चाक फिरवायला लागलो.

चैत्रातलं हळदीकुंकू आलं. बायका आत बसल्या, आम्ही दोघे पडवीत. तेवढ्यात डाव्या हातात करंडा घेऊन वैनीच बाहेर आल्या. चेहरा उतरलेला.

"मला नाय जमायचं. चारचौघींत हसं होईल. बरं नाय म्हणून सांगा त्यांना."

"आधी मला लाव," भाऊ म्हणाले.

"पुरुषाला हळदीकुंकू? काहीतरीच!"

"लाव म्हणतो ना."

भाऊ म्हणजे ताडमाड माणूस. वैनींनी बोट हळदीत बुडवलं. "वाका की जरा."

"नाय वाकणार."

उजवा हात निघाला. भाऊंच्या छातीपर्यंत आला, हनुवटीपाशी अडला, थरथरायला लागला. मनात म्हटलं, वाक की मेल्या, काय बिघडतंय तुझं! भाऊ ढिम्म. बोट मिशीला लागलं, मिशी पिवळी झाली. तिथून नाकावर गेलं, आणि टेकलं एकदाचं भुवयांच्या मधे.

भाऊ रडायला लागले. आळीभर हुकूम सोडणारा माणूस, दारात जमलेल्या बायकांसमोर, पिवळ्या मिशीनिशी ढसाढसा रडत होता.

"रडताय काय?" वैनी म्हणाल्या. "हलू नका. कुंकू राह्यलंय अजून."